चोरी कुठल्या प्रतीची?

१

आमच्या ॲपला आठ स्क्रीन होत्या आणि त्या आठही मी नऊ महिने खपून आखल्या होत्या. म्हणून गुरुवारी सकाळी भटक्याने धापा टाकत ऑफिसात शिरून फोन माझ्या नाकासमोर धरला, तेव्हा मला वाटलं, हा माझंच काम मला कशाला दाखवतोय?

"एका दमात किती पायऱ्या चढता?"

प्रश्न माझा. खाली बोटाने सरकवायची पट्टी, तीही माझी. वरचं चिन्ह मात्र माझं नव्हतं. प्रवासाची बुकिंगं करणाऱ्या सगळ्यात मोठ्या कंपनीचं होतं ते. खाली लिहिलं होतं, 'आमची नवी सोय, लवकरच.'

आमचं लॉन्च आठ दिवसांवर आलं होतं.

आमच्या ॲपचं नाव 'सावकाश'. गुडघ्यांनी दगा दिलेल्या माणसांसाठी ते होतं. मागे एकदा मी आणि मावशी बाबांना समुद्र दाखवायला घेऊन गेलो. बुकिंग करताना पडद्यांच्या रंगापासून सगळं दिसलं होतं, पायऱ्या किती ते तेवढं कुठे नव्हतं. पायऱ्या बावीस निघाल्या. बाबा तीन दिवस खाली लॉबीत बसून राहिले, सामानाच्या खोलीत खाट टाकून झोपले. समुद्र आम्ही दोघींनी वरच्या खिडकीतून पाहिला आणि दोघींनाही तो गोड लागला नाही.

ही गोष्ट मी ताईला सांगितली होती. ताई माझी नात्याने कोणी नव्हे. बारा वर्षं एका पर्यटन कार्यालयात मॅनेजर होती, मी तिथे जाहिरातींची चित्रं करायचे. ती आमच्या घरी आली, बाबांचा हात हातात घेऊन म्हणाली, "काका, तुमच्यासाठी मी कंपनीच काढते बघा." आणि खरंच काढली. मी डिझायनर, ती संस्थापक. गावोगावच्या लॉजमध्ये जाऊन टेपने पलंगाची उंची मोजणारा, पायऱ्या मोजणारा तो भटक्या. आणि प्रोग्रामर मौनी. दिवसाला दोन वाक्यं, त्यातलं एक "चहा नको."

गलका ऐकून ताई आतल्या खोलीतून आली. भटक्या अजून पहिल्याच स्क्रीनवर बोट ठेवून उभा होता. ताईने नुसती नजर टाकली आणि खुर्चीत कोसळली.

"सातच्या सात उचलल्या गं मेल्यांनी! एक म्हणून सोडली नाही!"

मी तिला जवळ घेतलं. तिच्या खांद्याला नेहमीच्या अत्तराचा वास येत होता. आम्ही दोघीही रडलो.

तासाभराने तिने डोळे पुसले आणि आम्हाला टेबलाभोवती बसवलं. सर्व्हरवरची नोंद तिने उघडली होती. शनिवारी दुपारी सगळं डिझाइन कुणीतरी डाउनलोड केलं होतं. नाव मौनीचं.

"मी केलं," मौनी म्हणाला. "दर शनिवारी करतो. घरी काम करायला."

"शनिवारी केलंस आणि गुरुवारी हे बाहेर! लाज नाही वाटली?"

आमचं ऑफिस म्हणजे एका मजल्यावर काचा लावून पाडलेला कप्पा. आजूबाजूला अशाच सहा-सात छोट्या कंपन्या. ताईचा आवाज चढला तशा काचेपलीकडच्या माना वर झाल्या. 'चोर' हा शब्द काचेतूनही नीट ऐकू जातो.

"तू सांग," ताई माझ्याकडे वळली. "तुझं काय म्हणणं?"

मी टेबलाकडे पाहत राहिले. मौनीने ऑफिसची किल्ली काढून टेबलावर ठेवली. दाराशी तो थांबला. मला वाटलं, आता ताईला काहीतरी ठणकावेल. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो गेला.

२

मावशीने चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. आई गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. औषधाच्या वेष्टनावरच्यासुद्धा चुका काढते. दुपारी मी घरी येऊन हमसाहमशी रडले, तर तिने एक तांब्या पाणी पुढे केलं आणि माझा फोन मागितला.

"मावशी, मौनीने केलं गं हे. ज्याच्याबरोबर नऊ महिने..."

"चोर कोण ते मागाहून. चोरी कुठल्या प्रतीची झाली ते आधी सांग."

"म्हणजे?"

"एकाच पुस्तकाची पहिली प्रुफं, दुसरी प्रुफं, छापलेली प्रत, सगळ्यांत चुका वेगवेगळ्या असतात. चूक सांगते ती प्रत कुठली." तिने चष्मा कपाळावर चढवला आणि फोन डोळ्यांपाशी नेला. बारीक वाचायचं तर ती चष्मा काढूनच वाचते. "हे बंदराजवळचं घर. नमुना म्हणून दाखवलंय. चौदा पायऱ्या."

"सतरा," मी म्हणाले. "भटक्याने आधी चौदा मोजल्या होत्या. फाटकाबाहेरच्या तीन राहिल्या होत्या. महिन्यापूर्वी मी दुरुस्त केलं."

"कुठे दुरुस्त केलंस?"

"कॉम्प्युटरवर. फाइलमध्ये."

"बरं. आणि हे बटण? 'जरा टेकू या.' हे भाषांतर नाही, कुणाच्या तरी तोंडचं आहे."

होतंच ते कुणाच्या तरी तोंडचं. बुकिंग अर्धवट ठेवून नंतर पुरं करायचं असेल तर त्यासाठीचं ते बटण. आधी त्यावर 'जतन करा' होतं. पंधरा दिवसांपूर्वीच्या बुधवारी मी वाचनालयात काही म्हाताऱ्या मंडळींना आमचं ॲप वापरून पाहायला दिलं होतं. फोनवर नव्हे, पुठ्ठ्याच्या कार्डांवर. एका कार्डावर एक स्क्रीन. चौथ्या कार्डावर एक निवृत्त हेडमास्तर दमले आणि म्हणाले, "आता जरा टेकू या बुवा." मला ते इतकं आवडलं की तिथल्या तिथे पेनने 'जतन करा' खोडून मी ते लिहिलं.

"फाइलमध्ये कधी घातलंस?"

"या सोमवारी."

मावशी माझ्याकडे नुसती पाहत राहिली, लहानपणी पाढे विसरले की पाहायची तशी.

मी मनात मांडून पाहिलं. मौनीने फाइल घेतली शनिवारी. त्या फाइलमध्ये पायऱ्या सतरा आणि बटणावर 'जतन करा'. चोरांकडे पायऱ्या चौदा आणि 'जरा टेकू या'. जुनी चूक आणि नवी दुरुस्ती एकत्र. अशी फाइल सर्व्हरवर कधी नव्हतीच. आधीच्या कुठल्याही शनिवारी नव्हती, नंतरही नव्हती.

"कार्डं!" मी ओरडले. "कार्डं छापली त्याच्या दुसऱ्या दिवशी भटक्याचा फोन आला. कार्डांवर चौदाच राहिल्या!"

"म्हणजे फाइल चोरीला गेलीच नाही," मावशी म्हणाली. "कार्डांचे फोटो गेले. मग त्या पोराला घालवलंत कशावरून?"

कोपऱ्यात बाबा त्यांच्या फोनवर ते पान वाचत बसले होते. ते अचानक म्हणाले, "अगं, इथे खाली तर माझीच गोष्ट आहे."

मी जवळ गेले. पानाच्या तळाशी लिहिलं होतं, 'आमच्या एका सहकाऱ्याचे वडील तीन दिवस लॉबीत बसून राहिले, आणि त्यातून ही कल्पना जन्मली.'

"वय मात्र दहाने वाढवलंय," बाबा म्हणाले आणि हसायचा प्रयत्न केला. तो त्यांना जमला नाही.

३

बाबांची गोष्ट आम्हा चौघांनाही पाठ होती. ताई ती प्रत्येक गुंतवणूकदाराला सांगायची. तेव्हा त्यावरून काही ठरत नव्हतं. ठरणार होतं ते कार्डांवरून.

त्या बुधवारी वाचनालयात माझ्याबरोबर भटक्या होता. शुक्रवारी सकाळी मावशीने त्याला घरीच बोलावलं, समोर पोह्यांची बशी वगैरे न ठेवता सरळ विचारलं, "कार्डांचे फोटो काढलेस का रे?"

भटक्याचा चेहरा पडला. "मावशी, माझ्यावर पण?"

"विचारलं. संशय घेतला असता तर गोड बोलले असते."

"नाही काढले. मी तर आजोबांना पाचवं कार्ड मोठ्याने वाचून दाखवत होतो. 'सोबत कोण आहे?' ते. त्यांचा चहा सांडला त्यावर. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाहणीला डोंगरात गेलो, तो पुढच्या बुधवारी आलो." त्याने पिशवीतून तक्ते काढले. रोज एका लॉजच्या मालकाची सही, खाली तारीख. एकही दिवस कोरा नव्हता.

"चहा सांडला?" मावशीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "मग त्या कार्डाचं काय केलंस?"

"घरी ठेवलं, नवं करायला. बाकीची सात खोक्यात घालून गुरुवारी ऑफिसच्या कपाटात ठेवली. मंगळवारी नवं पाचवं कार्ड करून नेलं."

"कपाटाची किल्ली?"

"खिळ्याला टांगलेली असते. कुणीही घ्यावी."

मावशीने पुन्हा फोन डोळ्यांपाशी नेला. या वेळी ती एकेक स्क्रीन मोजत होती, ओठ हलत होते. मग तिने मला चौथी स्क्रीन दाखवली.

"इथे तळाला काय आहे? 'पुढे: तुमच्या सोबतीबद्दल.' आणि पुढे काय येतं? पलंगाची उंची. पुस्तकात असं झालं तर आम्ही म्हणायचो, मधलं पान गळलंय. यांनी ते मुद्दाम काढलं असतं तर आधीच्या पानावरचा उल्लेखही काढला असता. त्यांना तिथे पान होतं हेच ठाऊक नाही."

पाचवं कार्ड नसलेला तो गठ्ठा फक्त गुरुवार ते मंगळवार कपाटात होता. त्या दिवसांत भटक्या डोंगरात. ऑफिसात आम्ही तिघं. मी, मौनी आणि...

"मौनीसुद्धा कपाट उघडू शकत होता," मी घाईघाईने म्हणाले. मला ते खरं असायला हवं होतं.

"शकत होता. पण 'सोबत कोण आहे' ही स्क्रीन चालती कुणी केली?"

"त्यानेच. दोन आठवडे डोकं फोडलं त्याने त्यावर."

"ज्याच्या हाती अख्खं पुस्तक आहे तो फाटकी प्रत कशाला चोरेल? तो दर शनिवारी उघडपणे फाइल नेतो, कुणी हटकत नाही. त्याला कपाटात शिरायची गरजच काय? कार्डांवर हात कोण टाकेल? फाइल घेतली तर नोंदीत आपलं नाव उमटेल, ही भीती ज्याला आहे तो. आणि आपल्याच ॲपला स्क्रीन किती, हे ज्याने कधी मोजलं नाही तो."

भटक्या तक्त्यांच्या कडा सरळ करत बसला.

मला गुरुवारची सकाळ आठवली. भटक्याचं बोट पहिल्या स्क्रीनवर होतं. पुढच्या स्क्रीन त्यानेही उघडल्या नव्हत्या, मीही नाही.

"सातच्या सात," मी म्हणाले. "मावशी, ती सातच्या सात म्हणाली. बघायच्या आधीच."

४

ताई ऑफिसात एकटीच होती. आम्हा तिघांना पाहून उठली, मावशीसाठी स्वतः खुर्ची ओढली. तिचा हा चांगुलपणा खोटा नव्हता. म्हणूनच मला तो सहन होईना.

"मावशी, तुम्ही कशाला त्रास घेतलात? मी येणारच होते काकांना भेटायला."

"एकच विचारायचं होतं," मावशी म्हणाली. "तुमच्या ॲपला स्क्रीन किती गं?"

"सात. का?"

"आठ आहेत, ताई," भटक्या हळूच म्हणाला.

ताई हसली. "सात काय, आठ काय! मला आकडे लक्षात राहत नाहीत, हिला माहितीये."

"सहा आठवड्यांपूर्वी मी तुला पाचवी दाखवली होती," मी म्हणाले. "तू फोनवर होतीस. मान न वर करता 'हो हो, करा' म्हणालीस. खोक्यात ती नव्हती म्हणून तुला कळलंच नाही." मग मी सगळं सांगितलं. चौदा पायऱ्या, हेडमास्तरांचे शब्द, चहा, कपाट. बोलताना मी तिच्याकडे पाहत होते आणि मनात म्हणत होते, खोड हे. काहीतरी सांग, मी चुकलेय म्हण, मी ऐकेन.

ताईने खोडलं नाही. ती हळूहळू खुर्चीत बसली.

"आपण बुडणारच होतो," ती म्हणाली. "लॉन्च झालं असतं आणि दोन महिन्यांत त्यांनी आपली नक्कल केली असती. मोठे मासे दुसरं काय करतात? त्यांनी मला बोलावलं. सगळा विभाग तुम्ही सांभाळा म्हणाले. निदान कल्पना तरी जगेल असं वाटलं मला. आणि तुझंही नाव पुढे केलंय मी, विचार त्यांना."

"माझं नाव पुढे केलंस की बाबांचं?"

तिने मान खाली घातली.

"आणि मौनी?" भटक्याने विचारलं.

"गुंतवणूकदार विचारणारच होते, कुठून फुटलं म्हणून. कुणावर तरी यायचंच होतं." आणि मग ती जे बोलली ते मी जन्मात विसरणार नाही. "तो भांडणार नाही हे मला माहीत होतं."

मला त्या क्षणी तिचा राग यायला हवा होता. आलाही. पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी आलं. तिने हिशेब दोन माणसांचा केला होता. तो भांडणार नाही, आणि मी बोलणार नाही. दोन्ही बरोबर निघाले.

"काकांना मी स्वतः सांगेन," ताई म्हणाली.

"तू आमच्या घरी यायचं नाहीस," मी म्हणाले. नऊ महिन्यांत मी तिला पहिल्यांदाच नाही म्हटलं होतं.

५

गुंतवणूकदारांना मी सगळं लिहून पाठवलं. त्यांच्या वकिलाचं पत्र गेल्यावर त्या मोठ्या कंपनीने बाबांची गोष्ट पानावरून काढली. बाकीचं तसंच ठेवलं. ताई पुढच्या महिन्यात तिथे रुजू झाली. लोक म्हणाले, कोर्टात जा. आम्ही गेलो नाही, तेवढी ताकद नव्हती.

पण हे सगळं नंतरचं. त्याआधी, शनिवारी सकाळी, मी मौनीच्या घरी गेले.

दार त्याच्या बायकोने उघडलं. ती नर्स आहे, नुकतीच ड्यूटीवरून आली होती, गणवेशातच होती. मौनी आत आईच्या शेजारी बसून शेंगा सोलत होता. मला पाहून उठला नाही.

"चोरी तू केली नव्हतीस," मी उंबऱ्यातच म्हणाले. "ताईने केली. आम्हाला कळलंय."

"मला आधीच कळलं होतं," तो म्हणाला. "मी केली नाही एवढं मला माहीत होतं."

"माझं चुकलं."

"ताई बोलली ते मी विसरेन. ती मला कुठे ओळखत होती? तू रोज शेजारी बसायचीस." इतकं लांब बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"तुम्ही होतात ना तिथे?" त्याच्या बायकोने विचारलं. "मग गप्प का बसलात?"

"तिच्यावर विश्वास ठेवला की मला काही करावं लागत नव्हतं," मी म्हणाले. याहून बरं उत्तर मी वाटेत शोधत आले होते. सापडलं नव्हतं.

ती म्हणाली, "घरात येऊन सांगणं सोपं आहे. घालवलंत चारचौघांत. सांगायचं ते पण चारचौघांत सांगा."

त्याची आई सोललेले दाणे एका बाजूला करत राहिली.

सोमवारी दुपारी आमच्या मजल्यावरच्या सगळ्या कंपन्यांची माणसं जेवायच्या खोलीत जमली होती. साठेक असतील. मौनी त्याचं सामान न्यायला आला होता. पेटी बगलेत घेऊन तो दाराशी उभा होता आणि लोक त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होते. मला चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं तरी घाम फुटतो. सादरीकरणं नेहमी ताईच करायची.

मी खुर्चीवर चढले. कुणीतरी हसलं.

"गुरुवारी आमच्याकडे याला चोर म्हणून काढलं," मी म्हणाले. "ते तुम्ही ऐकलंत. याने चोरी केली नव्हती. चोरी आमच्या संस्थापिकेने केली. मी तिथे बसले होते. मला विचारलं तेव्हा मी तोंड उघडलं नाही, म्हणून आज उघडतेय."

मी उतरले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते बरं झालं. शेजारच्या कंपनीतली एक बाई उठली आणि मौनीच्या हातातली पेटी धरायला गेली. त्याने ती दिली नाही, पण मान हलवली.

मग तो माझ्या टेबलापाशी आला. पेटी खाली ठेवली आणि समोरची खुर्ची ओढून बसला.

"परत येशील?" मी विचारलं. "मी, तू आणि भटक्या. जेवढं उरलंय तेवढ्यात."

"माहीत नाही."

त्याने पिशवीतून डबा काढला. मी पुढे काही विचारलं नाही. त्याचं जेवण होईपर्यंत मी तिथेच बसून राहिले.